त्रिरश्मि डोंगरावरील दानलेख व दानधर्माचा कारभार

नाशिकच्या नैर्ऋत्येस सुमारें अडीच कोसांवर त्रिरश्मि डोंगराच्या कुशींत जीं २४ लेणीं आहेत, त्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात. तेथील शिलालेखांचें वाचन डॉ. भाऊ दाजी, डॉ. रा. गो. भांडारकर, पंडित भगवानलाल इंद्रजी व फ्रेंच पंडित सेनार यांनीं केलें. परंतु त्यांवर जो खल झाला तो बहुतेक राजांच्या वंशावळी व कालनिर्णय यांपुरताच झाला. लेखांत दिलेला पैसा कोणाच्या हवालीं केला, त्याचें व्याज काय ठरलें आणि दिलेलें दान बुडूं लागलें असतां कोणीं काय केलें, हा भाग बाजूस राहिला. प्रस्तुत लेखांत आम्ही तेवढाच भाग घेतों.

प्रथम दहाव्या लेण्यांतील लेख पाहूं. दीनिकाचा पुत्र व क्षहरात क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें वर्ष ४२ च्या वैशाखांत हें लेणें चातुर्दिश संघास, म्हणजे चारी दिशांनीं येणाऱ्या भिक्षुसंघास, अर्पण केलें. हीं वर्षे शकगणनेचीं धरल्यास तो काळ इ. स. १२० चा येतो. कित्येक विद्वान तीं नहपानाचीं राज्यवर्षे मानतात. लेण्याबरोबर उषवदातानें ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. ही रक्कम त्यानें भिक्षूंच्या हातीं दिली नाहीं. गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे कोष्ट्यांच्या, दोन श्रेणींत ठेविली. एकींत २०००, दरमहा दरशेंकडा १ या व्याजानें. दुसरींत १०००, दरमहा दरशेंकडा पाऊण या व्याजानें. मूळ लेखांत या दुसऱ्या दरास ‘पायून’ असाच शब्द आहे. आपल्या तोंडचा ‘पाऊण’ इतका जुना आहे हें वाचकांस रुचेल.

आतां हिशेब करून पाहावा. २००० वर दरमहा २०, म्हणजे सालीना २४० कार्षापण. लेख सांगतो कीं या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरिक, म्हणजे वस्त्राप्रीत्यर्थ, द्यावे. वीस बारे दोनशें चाळीस. एक कवडी उरत नाहीं कीं कमी पडत नाहीं. याचा अर्थ असा कीं दात्यानें आधीं खर्च ठरविला आणि मग मुद्दल ठेविलें. १००० च्या सालीना ९० कार्षापण व्याजांतून ‘कुशणमूल’ द्यावयाचें होतें. या शब्दाच्या अर्थाविषयीं पंडितांत एकमत नाहीं. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, केवळ वृद्धि भोगावयाची, अशीही स्पष्ट अट लेखांत आहे.

व्याजाचा दरही विचार करण्याजोगा आहे. कौटिल्यानें धर्म्य म्हणून दरमहा दरशेंकडा सव्वा पण सांगितला आहे. येथील दोन्ही दर त्याहून कमी. पिढ्यान् पिढ्या चालावयाच्या दानाच्या कामीं दात्यानें अधिक लाभापेक्षां ठेवीची शाश्वति अधिक मोलाची मानली, असें आमचें मत आहे. एकाच गांवांत एकाच धंद्याच्या दोन श्रेणींचे दर भिन्न असावे, यावरून हा दर राजाज्ञेनें लादलेला नसून ज्या त्या श्रेणीशीं बोलून ठरविलेला करार होता असेंही दिसतें. राजाचा जांवई कोष्ट्यांशीं व्याजाची घासाघीस करतो हें चित्र कांहींसें मौजेचें आहे खरें.

पुढें लेख म्हणतो कीं हें सर्व निगमसभेंत ऐकविलें व रिवाजाप्रमाणें फलकवारांत, म्हणजे दप्तरखान्यांत, नोंदलें. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांनीं या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावें. अस्सल नोंद फलकावरची. दगडावर कोरलेली ती आमच्या मतें त्या नोंदीची नक्कल. अस्सल नाहींसें झालें, नक्कल मात्र राहिली. दप्तराच्या जोडीस सभेचे कानही साक्षीला होते. त्याच दात्याच्या दुसऱ्या नोंदींत देव व ब्राह्मण यांस दिलेले ७०,००० कार्षापण दर सुवर्णास ३५ या भावानें २००० सुवर्णांचे होत, असा हुंडणावळीचा हिशेबही दिला आहे.

इतकी तजवीज ज्यानें केली त्याचें घराणें मात्र टिकलें नाहीं. गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचा उच्छेद केला. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतच जोगळटेंभी येथें नहपानाच्या सुमारें १३,००० रुपेरी नाण्यांचा साठा सांपडला; त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हा मारलेला आहे. शत्रूच्या नाण्याची ही गत झाली. दानाची गत निराळी आहे. तिसऱ्या लेण्याच्या ओसरींत गौतमीपुत्राचें वर्ष १८ चें आज्ञापत्र आहे. गोवर्धनच्या अमात्यास त्यांत लिहिलें आहे कीं पश्चिम-कखडी गांवचें, आजवर उषवदाताकडे असलेलें २०० निवर्तनांचें शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंस दिलें आहे. त्या शेतांत कोणीं शिरूं नये, हात लावूं नये, मिठासाठीं खणूं नये, देशाधिकाऱ्यांनीं उपद्रव करूं नये. आपल्या इनामपत्रांतील माफीच्या कलमांची वाचकांस येथें आठवण होईल.

याच्या खालींच वर्ष २४ चें दुसरें पत्र आहे, राजा व राजमाता या उभयतांच्या नांवानें. आमच्या मतें सबंध लेण्यांत याहून मोलाचा कागद नाहीं. कागद हा शब्द आम्ही जाणून वापरतों. त्यांत साफ कबूल केलें आहे कीं कखडीस दिलेलें शेत पिकत नाहीं व तें गांवही वसत नाहीं. याकरितां नगराच्या सीमेवरील राजकीय शेतांतून १०० निवर्तनें त्याच भिक्षूंस द्यावीं. सहा वर्षांत दान कोरडें पडलें. कोणी तरी तक्रार नेली. दरबारानें ती ऐकली. प्रशस्तींत असल्या गोष्टी कोणी कोरीत नाहीं. क्षेत्र निम्मेंच मिळालें हें खरें, परंतु तें नगराच्या सीवेवरचें व राजाच्या खासगी जमिनींतलें होतें. पुढें पुळुमावीच्या वर्ष २२ च्या पत्रांतही असाच पालट आहे: देवीच्या लेण्यांत राहणाऱ्या भद्रायणीय भिक्षूंस लेण्याच्या निगेसाठीं दिलेलें सुदसण गांव बदलून सामलिपद दिलें.

केवळ राजकुळांचीच ही चाल होती असें नाहीं. अठराव्या लेण्याच्या दर्शनी भागावर धंभिक गांवाचें दान नोंदलें आहे. दाता एक व्यक्ति नसून सबंध गांव आहे. वर्गणी कशी उभारली तें मात्र कोरणाऱ्यानें सांगितलें नाहीं. बाराव्या लेण्यांत रामण्णक नांवाच्या व्यापाऱ्यानें १०० कार्षापणांची अक्षयनीवी ठेविली व तींतून वर्षावास करणाऱ्या भिक्षूस १२ चें वस्त्र द्यावें असें सांगितलें. शंभरास सालीना बारा, म्हणजे पुन्हा दरमहा एक टक्काच. परंतु ही रक्कम त्यानें श्रेणींत न ठेवितां संघाच्या हातीं दिली. सोनेंरुपें स्वीकारूं नये हा भिक्षूंचा नियम लक्षांत घेतां हा फरक लहान नाहीं. श्रेणी हीच त्या काळची एकमेव पेढी, असें जें सरसकट लिहिलें जातें तें यावरून दुरुस्त केलें पाहिजे.

आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा लेख याच मालिकेंतला. शकनिका विष्णुदत्ता या उपासिकेनें त्रिरश्मीवरील आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं गोवर्धनच्या श्रेणींत ठेवी ठेविल्या: कुलरिकांकडे १०००, ओदयंत्रिकांकडे २०००, आणखी एकीकडे ५००, पुढें तेल्यांच्या श्रेणीचें नांव आहे आणि दगड झिजलेला आहे. पैसा एका ठिकाणीं न ठेवितां वांटून ठेवण्याचें धोरण उषवदाताच्या दोन श्रेणींतही होतें. येथें तें धंद्याधंद्यांत पसरलेलें दिसतें. क्षहरात गेले, सातवाहन गेले, आभीर आले. गोवर्धनच्या श्रेणींवरील भरंवसा मात्र टिकून होता. नाहीं तर शहाण्या बाईनें आजाऱ्यांच्या औषधाचा पैसा तेथें ठेविला नसता.

नाशिक, पंचवटी व त्र्यंबक येथील देवस्थानें, अन्नछत्रें व घाट यांचे पेशवाईंतील जमाखर्च ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांत मुद्दल व व्याज निराळें दाखविलें आहे काय, ठेव कोणत्या सावकाराकडे होती व दर काय होता, एवढें पाहून मंडळास कळवावें. फाटकीं पानेंही चालतील.