साच्यात जपलेला इतिहास

१९४९ साली इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती काढली, तीही ट्रॅक्टर विकणाऱ्यांना दाखवण्यापुरती. पुढे सुटे भाग जोडून गाड्या बनवण्याचा छंद घरोघरी पोचला. पण अशा प्लॅस्टिकच्या भागांना पोलादी साचा लागतो आणि तो फार महाग. हजारो नग खपले, तरच परवडतो. म्हणून नामांकित रणगाड्यांना साचे मिळाले. जखमींना नेणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या साध्या गाड्या पुष्कळदा मागे राहिल्या.

ही उणीव हौशी मंडळींनी घरीच भरून काढली. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधले होते. त्याचे दोन द्रव ठरल्या प्रमाणात मिसळून सिलिकॉन रबराच्या साच्यात ओतले, की थोड्या वेळात भाग घट्ट होतो. हातमोजे आणि खेळती हवा मात्र हवीच. वाफ फुप्फुसांना बाधते. काही डझन भागांनंतर साचा फाटतो. मूळ नमुना जपला असेल, तर नवा करता येतो.

मी कवितेचा माणूस. मला यात न्याय दिसतो. बाजाराने वगळलेल्यांची आठवण कुणीतरी घरच्या टेबलावर, थेंबाथेंबाने ओतून ठेवतो.