मालवण सागरी अभयारण्य: एलईडी मासेमारीवर बंदी आहे, मग दिवे विझत का नाहीत?

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 साली वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्य झाला. क्षेत्र जेमतेम 29.12 चौरस किलोमीटर. किल्ला आणि पद्मगडाजवळचा 3.18 चौरस किलोमीटरचा भाग हा त्याचा गाभा. इथे प्रवाळ आहे, समुद्री शेवाळाची दाट रानं आहेत आणि लहान माशांना लपायला खडकांचा आडोसा आहे. तळ खरवडत जाणारं ट्रॉलचं जाळं अशा जागेवरून एकदा फिरलं की प्रवाळ मोडतो, आणि तो पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

सध्याची खरी डोकेदुखी मात्र एलईडीची. अंधाऱ्या रात्री नौकेवर जनरेटर लावून प्रखर दिवे पेटवले जातात. उजेडाला आधी बारीक जीव येतात, मागोमाग तारली, बांगडा आणि त्यांना खाणारे मोठे मासे. थवा जमला की भोवती पर्ससीन टाकायचं आणि खालची दोरी ओढून बटव्यासारखं तोंड आवळायचं. थव्यात पिल्लं असोत की अंड्यांवरची मादी, सगळं एकदमच वर येतं. मासा अभयारण्याची हद्द ओळखत नाही, त्यामुळे हद्दीबाहेर पेटलेला दिवा आतलं मासळीचं धनही रिकामं करतो.

नियमांची कमतरता नाही. राज्याच्या 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशानंतर पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने उरले, तेही परवानाधारकांना. एलईडी आणि बुल ट्रॉलिंगवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये राज्यांच्या हद्दीपलीकडच्या समुद्रातही बंदी घातली. राज्याच्या 1981 च्या सागरी मासेमारी कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. एलईडीसाठी दंड 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत गेला आणि सुनावणीचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले.

तरी घोडं अडतं. अभयारण्य वन खात्याच्या कायद्याचं, नौकेचा परवाना मत्स्यव्यवसाय खात्याचा. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, राज्याची हद्द, पुढे केंद्राची. गस्तीची नौका दिसली की दिवे विझतात, आणि नौका हद्दीपार निघून जाते.

स्थानिक मच्छीमारांचा अभयारण्याला झालेला विरोधही समजून घ्यायला हवा. रापण ओढणाऱ्याला वाटलं, मोठ्यांना कोणी अडवणार नाही, बंदी येईल ती आपल्या जाळ्यावर. ही भीती अगदीच खोटी नव्हती. वास्तविक त्याच वन्यजीव कायद्याचं कलम 26अ सांगतं, की प्रादेशिक समुद्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची तजवीज आधी करावी. मालवणात हे कलम भांडणाच्या मानाने फार कमी वाचलं गेलं.

सीमेपलीकडचा भाग वेगळाच. सिंधुदुर्गच्या समुद्रात गोव्याचे आणि मलपीचे ट्रॉलर घुसतात, ही इथल्या मच्छीमारांची जुनी तक्रार. दुसऱ्या राज्यात नोंदलेल्या नौकेला महाराष्ट्राच्या हद्दीत मासेमारीचा परवाना नसतो, पण परवाना रद्द करायचा तर तो तिच्या राज्यानेच. म्हणजे मालवणात पकडलेल्या नौकेची खरी शिक्षा पणजीत किंवा बंगळुरात ठरते. जानेवारी 2025 पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनने पाळत सुरू केली. नौकेचा नंबर त्यामुळे टिपता येतो. नौका अडवायला मात्र गस्तीची बोट आणि माणसंच लागतात.