कॉइलचा हट्ट

ज्यांच्या घरी जुनी फियाट किंवा अँबॅसिडर होती त्यांना ‘कटआउट’ नक्की आठवत असेल. बॉनेटखाली, आतल्या पत्र्यावर स्क्रूने बसवलेला साबणाच्या पेटीएवढा काळा डबा. गाडी रोज फिरूनही बॅटरी उतरायला लागली, किंवा उलट बॅटरीतलं पाणी भराभर आटायला लागलं, की मिस्त्री त्या डब्याचं झाकण काढत, बारीक पॉलिश पेपरची घडी दोन पॉइंटांच्या मध्ये सरकवून चार वेळा ओढत आणि म्हणत, “पॉइंट खाल्लेत, साहेब.” इंजिन चालू असताना झाकण काढलं तर त्या पॉइंटांमध्ये निळसर ठिणगी थरथरताना दिसायची. कान जवळ नेला तर गुणगुणही ऐकू यायची.

सगळे त्या पूर्ण डब्यालाच कटआउट म्हणत. आत खरं तर दोन वेगळी यंत्रं होती. एक खरा कटआउट: इंजिन थांबलं की बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत शिरू न देणारा. दुसरा रेग्युलेटर: इंजिन कितीही जोरात फिरलं तरी डायनॅमोचं व्होल्टेज हाताबाहेर जाऊ न देणारा. गाडीतल्या लायटरच्या भोकात आपण मोबाइलचा चार्जर खुपसतो, त्याच्या पोटात १२ व्होल्टचे ५ करणारा जो ‘बक कन्व्हर्टर’ असतो, त्याचं कूळ शोधत गेलं तर या दुसऱ्या यंत्रापाशी पोचतं. आणि त्याच्याही मागे एका ठिणगीपाशी.

व्होल्टेज कमी करायचे रस्ते मुळात दोनच. पहिला जास्तीचं जाळून टाकण्याचा. पंख्याचा तो जुना, ठोकळ्यासारखा रेग्युलेटर आठवा. पंखा एकवर ठेवला की हाताला गरम लागायचा, कारण पंख्याला न दिलेली वीज तो स्वतःच्या तारेत जाळत असे. इलेक्ट्रॉनिक्समधला त्याचा सभ्य अवतार म्हणजे तीन पायांचा ७८०५. बारा व्होल्ट आत, पाच बाहेर, प्रवाह एक अँपिअर, तर बारा वॉट घेऊन पाच वॉट पुढे देणार आणि सात वॉट उष्णता म्हणून उधळणार. ‘बक’ हे नाव खरं तर यालाच शोभलं असतं, बकासुरावरून; गाडाभर अन्न खाऊन वर गावकऱ्यांवरच गुरगुरणारा. इंग्रजीतला ‘बक’ वेगळा. त्याचा अर्थ अडून बसणं, विरोधात जाणं. ट्रान्सफॉर्मरचं एक वेटोळं उलटं जोडून व्होल्टेज वजा केलं की त्याला बक म्हणत आणि सुलटं जोडून वाढवलं की बूस्ट. ते शब्द पुढे इथे आले.

दुसरा रस्ता तोडून तोडून देण्याचा. बारा व्होल्ट थोडा वेळ जोडायचे, थोडा वेळ तोडायचे. स्विच पूर्ण बंद असताना त्यातून प्रवाह नाही, पूर्ण चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज नाही, म्हणून तो स्वतः जवळजवळ काहीच जाळत नाही. सरासरी पाहिजे तेवढी मिळते. पण सरासरी ही हिशेबाची गोष्ट झाली. पाच व्होल्टच्या चिपला क्षणभर जरी खरे बारा लागले तरी ती मरते. सरासरी प्रत्यक्षात उतरवायला मध्ये कुणीतरी जड माणूस बसवावा लागतो, आणि तो म्हणजे कॉइल.

१८३२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत शिकवणाऱ्या जोसेफ हेन्रीने एक निरीक्षण छापलं. बॅटरीला जोडलेली आखूड तार सोडवली तर विशेष काही होत नाही. लांब तार सोडवली तर टोकाशी लख्ख ठिणगी पडते. तीच तार गुंडाळून वेटोळं केलं तर ठिणगी आणखी जोमदार. कॉइलमधून वाहणारा प्रवाह थांबायला तयार नसतो. वाट तोडली तर व्होल्टेज वाटेल तितकं चढवून हवेतून उडी मारतो. आपल्याकडे हे ज्ञान घरोघरी भिंतीवर टांगलेलं होतं: ट्यूबलाइटचा स्टार्टर उघडला की चोक असा झटका देतो की नळी पेटते. पायाच्या शिलाई मशीनवर बसलेल्याला वेगळ्या भाषेत तेच माहीत असतं. पाय थांबून थांबून दाबतो, पण जड चाक एकसारखं फिरत राहतं आणि टाके सारखे पडतात.

आता या हट्टी प्रवाहाचा उपयोग करायचा तर एकच अट आहे: स्विच उघडला त्या क्षणी त्याला दुसरी वाट तयार पाहिजे. बक कन्व्हर्टरचा सगळा इतिहास मला या एका अटीचा इतिहास वाटतो. वाट कुठून द्यायची, किती लवकर द्यायची, किती आखूड द्यायची. आणि बिघाडही, थोडे वगळता, याच अटीच्या उल्लंघनाचे असतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीजघरांत टिरिल रेग्युलेटर आला. जनरेटरच्या फील्डच्या वाटेतला एक रेझिस्टन्स तो थरथरत्या पॉइंटांनी सारखा शॉर्ट करायचा आणि मोकळा करायचा. मोटारीतला डबा त्याचाच धाकटा भाऊ. यात गंमत अशी की सरासरी काढणारं जड चाक वेगळं आणावंच लागलं नाही. डायनॅमोचं फील्ड वाइंडिंग हीच भलीमोठी कॉइल होती. पॉइंट उघडले की तिच्या प्रवाहाला वाट होती ती रेझिस्टन्समधून. अरुंद वाट. म्हणून थोडी ठिणगी उरायचीच, आणि पॉइंट खाल्ले जायचे. पॉलिश पेपर घेऊन मिस्त्री दर काही महिन्यांनी हेन्रीच्या ठिणगीचाच हिशेब चुकता करत होते.

थरथरत्या पॉइंटांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली तेव्हा वेग हजारपटींनी वाढला आणि कॉइल तितकीच लहान झाली. या नव्या पिढीची खरी निकड जमिनीवर नव्हती. अपोलो यानातल्या संगणकाला २८ व्होल्टचा पुरवठा होता आणि त्याच्या लॉजिक चिपांना हवे होते ४ व्होल्ट. जाळण्याच्या रस्त्याने गेलं असतं तर सातातले सहा भाग उष्णतेत गेले असते, आणि तेही अशा जागी, जिथे ती उष्णता न्यायला वारा नाही आणि प्रत्येक वॉट फ्युएल सेलमधून मोजून मिळतो. तिथे स्विचिंग पुरवठा हवाच होता. जमिनीवर मात्र तो बराच काळ तऱ्हेवाईक आणि महाग राहिला. कारण स्विच कधी उघडायचा आणि कधी मिटायचा हे ठरवणारं डोकं सुट्या ट्रान्झिस्टरांचं बांधावं लागे. १९७६ साली बॉब मॅमानो यांनी सिलिकॉन जनरलसाठी एसजी १५२४ ही चिप केली आणि ते डोकं एका सोळा पायांच्या काळ्या तुकड्यात मावलं. पुढे नॅशनल सेमीकंडक्टरने स्विचही आतच घालून पाच पायांची चिप काढली, आणि त्या घराण्यातली एलएम २५९६ आज निळ्या पाटीवर चढून पुण्याच्या पासोड्या विठोबापासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत भाजीसारखी मिळते.

या चिपचा हिशेब एकदा हाताने करून बघण्यासारखा आहे. ती सेकंदाला दीड लाख वेळा तोडते, म्हणजे एक आवर्तन ६.७ मायक्रोसेकंदांचं. बाराचे पाच करायचे तर त्यातले २.८ मायक्रोसेकंद स्विच चालू आणि ३.९ बंद. चालू असताना कॉइलवर सात व्होल्ट पडतात, बंद असताना उलटे पाच. साताला २.८ ने गुणा, पाचाला ३.९ ने गुणा, दोन्हीकडे साडेएकोणीस. चढ आणि उतार सारखे, म्हणून प्रवाह जागच्या जागी हिंदकळतो. कॉइल ३३ मायक्रोहेन्रीची असेल तर हे हिंदकळणं सुमारे ०.६ अँपिअरचं. डायोड आणि स्विचचं नुकसान मी इथे धरलेलं नाही. व्यवहारात तीन अँपिअरला ही चिप शंभरातले ऐंशी वॉट पुढे पोचवते. बकासुराच्या बेचाळीसपुढे ऐंशी म्हणजे साधुसंतच.

बंद असतानाच्या त्या ३.९ मायक्रोसेकंदांत प्रवाहाला वाट देतो तो डायोड. एका रविवारी माझ्या पाटीवरचा शॉट्की डायोड गेला. दुकानं बंद. डब्यात १एन ४००७ होते, एक अँपिअरचा भार होता, डायोड तो डायोड म्हणून लावला. पाच व्होल्ट आले. दोन मिनिटांनी जळका वास आला. १एन ४००७ हा घरच्या विजेच्या पन्नास आवर्तनांना सरावलेला संथ गडी. वहन थांबवायला त्याला मायक्रोसेकंदांमध्ये वेळ लागतो. स्विच चालू झाला तरी याचं वहन अजून थांबलेलंच नाही, मग बारा व्होल्ट स्विचमधून आणि डायोडमधून थेट जमिनीत. सेकंदाला दीड लाख वेळा. वाट देणं पुरत नाही, वेळ झाली की ती बंदही व्हावी लागते, हे मला चाळीस रुपयांत कळलं.

दुसरा धडा जास्त महाग असतो, कारण त्यात गुन्हेगार दिसतच नाही. हेन्रीने सांगितलंच होतं की वेटोळं नसलं तरी तार ही थोडी कॉइल असतेच. ढोबळ हिशेब असा की एक सेंटिमीटर तार म्हणजे दहा नॅनोहेन्री. इनपुटचा कपॅसिटर, स्विच आणि डायोड यांच्या फेऱ्यात प्रवाह एका क्षणी असतो, पुढच्या क्षणी नसतो. तीन अँपिअर तीस नॅनोसेकंदांत तोडले आणि त्या फेऱ्यात दोन सेंटिमीटर तार फाजील असली तर दोन व्होल्टचा टोला बसतो, खपून जातं. आजच्या चिपा हेच काम तीन नॅनोसेकंदांत करतात. तीच दोन सेंटिमीटर तार आता वीस व्होल्ट उसळवते. म्हणून जुन्या चिपला ब्रेडबोर्डवर, लोंबत्या तारांवर चालवणारे हात नव्या चिपवर फसतात आणि चिपला नावं ठेवतात. कपॅसिटर चिपला खेटून बसवला की निम्म्या तक्रारी जागीच मिटतात. उरलेल्यांपैकी काही ऑसिलोस्कोपच्या लांब अर्थ वायरीनेच निर्माण केलेल्या असतात. ती वायरही कॉइलच, आणि ती शेजारचा गोंगाट पकडून पडद्यावर खरा म्हणून दाखवते.

याच जातीचा आणखी एक मृत्यू आहे. पाटीवर इनपुटला फक्त सिरॅमिक कपॅसिटर, अडॅप्टरची मीटरभर वायर, आणि कुणीतरी चालू अडॅप्टरची पिन खुपसतं. वायरीतला प्रवाह कपॅसिटर भरला तरी थांबत नाही, तसाच घुसत राहतो, आणि बाराचे क्षणभर चोवीसच्या जवळ जातात. सोळा-अठरा व्होल्टची चिप चालू होण्याआधीच संपलेली असते. शेजारी एक साधा, थोडा ‘खराब’ इलेक्ट्रोलिटिक बसवावा. त्याच्या अंगातला रेझिस्टन्स ती उसळी गिळतो. आउटपुटलाही असंच आहे. एलएम २५९६च्या पिढीच्या चिपा आउटपुट कपॅसिटरमध्ये थोडा रेझिस्टन्स गृहीत धरून बांधलेल्या आहेत. तिथे कौतुकाने उत्तम सिरॅमिक लावला तर फीडबॅक डगमगतो आणि पाच व्होल्ट डोलायला लागतात. उलट मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचे साधे, जास्त रेझिस्टन्सचे घातले तर तो बोर्ड महिन्याभरात दुकानात परत येतो.

कॉइल स्वतःही कधी हट्ट सोडते. तिच्या गाभ्यातल्या फेराइटला एका मर्यादेपलीकडे चुंबकत्व पेलत नाही. ती ओलांडली की कॉइल म्हणजे नुसती तांब्याची तार उरते आणि प्रवाह सुसाट वर जातो. एलएम २५९६चं नाव छापलेल्या काही स्वस्त चिपा प्रत्यक्षात पन्नास हजारांच्या आसपासच तोडतात. आवर्तन तिप्पट लांब, कॉइल तीच ३३ची, मग हिंदकळणंही तिप्पट. पाटीवर तीन अँपिअर लिहिलेलं असतं आणि दीडलाच कॉइल चटका देते. अशा वेळी नाव वाचत बसू नये, स्कोपवर आवर्तन मोजावं.

मापाने न सापडणारा एक बिघाड मात्र कागदावर सापडला. बक कन्व्हर्टर कामगिरी चोख करतो, म्हणून त्याचा स्वभाव उलटा असतो: इनपुटचं व्होल्टेज वाढलं तर तो प्रवाह कमी घेतो. त्याच्या इनपुटला गोंगाट अडवायला चोक आणि कपॅसिटरचा फिल्टर लावावा, तर त्या दोघांचं जमून सगळं झोपाळ्यासारखं झुलायला लागू शकतं. सुटा कन्व्हर्टर ठीक, सुटा फिल्टर ठीक, जोडले की वेड. कॅल्टेकच्या आर. डी. मिडलब्रुक यांनी १९७६ साली याची अट मांडली. त्याच वर्षी स्लोबोदान चूक यांच्याबरोबर त्यांनी या तोडातोडीच्या मंडलाची सरासरी काढून त्याचं गणित साध्या मंडलासारखं करायची रीतही दिली.

प्रोसेसरना एका व्होल्टच्या आसपास शंभर अँपिअर लागायला लागले तेव्हा डायोडवर पडणारा अर्धा व्होल्टही परवडेना. मग त्याच्याही जागी स्विच आला. आता दोन स्विच आळीपाळीने उघडतात-मिटतात; दोघं चुकून एकदम मिटले तर सगळा पुरवठा जमिनीत, म्हणून मध्ये काही नॅनोसेकंदांची विश्रांती ठेवतात. त्या तेवढ्या वेळातही प्रवाहाला वाट लागतेच. ती स्विचच्या अंगातल्या डायोडमधून मिळते.

मध्यंतरी सोलर पॅनलवरून छोटी बॅटरी भरायला मी असा दोन स्विचवाला मोड्युल लावला. दिवसभर छान चाललं. संध्याकाळी पॅनल काढून ठेवलं तरी मोड्युलच्या इनपुटकडचा दिवा मंद जळतच होता. बॅटरी उलट्या बाजूने, वरच्या स्विचच्या अंगातल्या डायोडमधून मोड्युलला पोसत होती. सकाळपर्यंत ती बरीच उतरली. आउटपुटच्या तारेत एक डायोड घातला आणि दिवा विझला. फियाटच्या काळ्या डब्यात या जागी कटआउट होता.