माहेरची वाट आणि पहिली मोटार

मोटार चालविण्याचा माझा पहिला धडा चर्चमागच्या मोकळ्या मैदानात झाला. धर्मग्रामातील एक वयस्क ट्रकचालक माझे गुरू होते. "फादर, क्लच हळू सोडा," असे ते दहादा सांगत आणि दहाही वेळा जीप बेडकासारखी उडी मारून गप्प बसे. तरीही दुपारी त्यांनी धीर करून मला थेट बाजारपेठेत नेले. आम्ही चहा-भजी घेतली, मेणबत्त्यांची आणि शाळेच्या वह्यांची खरेदी केली आणि दिवेलागणीला सुखरूप परतलो. तो दिवस आठवला की आजही हसू येते. मात्र त्या रात्री एक प्रश्न मनात आला. मला शिकवायला गुरू होते. जगात अगदी आरंभी ज्यांनी मोटार चालविली, त्यांना कोणी शिकविले असेल?

या प्रश्नाचा माग काढताना जर्मनीतील एका माहेरवाशिणीची गोष्ट हाती लागली.

बर्था रिंगर हिचा जन्म ३ मे १८४९ रोजी फोर्झहाइम या गावी झाला. पुन्हा मुलगीच झाली, अशा खेदाची नोंद तिच्या जन्मदिवशी कुटुंबाच्या बायबलमध्ये करण्यात आली होती आणि मोठेपणी ती तिच्या वाचनात आली, असे सांगितले जाते. आपल्याकडील किती घरांना ही नोंद ओळखीची वाटेल!

तिने वर निवडला तो कार्ल बेंझ. दोन वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले होते व आईने कष्टाने त्याला शिकविले होते. १८७१ साली मानहाइम येथे त्याने भागीदारीत कारखाना काढला. पण भागीदार भरवशाचा निघाला नाही. तेव्हा बर्थाने आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच वडिलांकडून मागून घेतली आणि भागीदाराचा वाटा चुकता केला. १८७२च्या जुलैमध्ये विवाह झाला. हुंडा दागिन्यांत न जाता लेथ आणि हातोड्यांत गेला.

पुढील वर्षे ओढगस्तीची होती. १८७९च्या अखेरच्या रात्री, जेवण आटोपल्यावर, बर्थाच्याच आग्रहावरून दोघे पुन्हा कारखान्यात गेले. हट्टी इंजिन त्या रात्री प्रथमच न थांबता चालू लागले. दोघे ऐकत उभे राहिले आणि थोड्याच वेळात नगरातील घंटा नववर्षाच्या स्वागतासाठी वाजू लागल्या. ही आठवण कार्लने पुढे आत्मचरित्रात नमूद केली आहे.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यावर बर्थाचे नाव नव्हते. चालविण्याची विद्या मात्र कोणालाच अवगत नव्हती. आरंभीच्या एका फेरीत तर गाडी भिंतीवर जाऊन आदळली. माझ्या जीपच्या उड्या आठवून मला येथे मोठाच दिलासा मिळाला! परंतु खरे संकट निराळेच होते. गिऱ्हाईक फिरकत नव्हते. घोड्यावाचून धावणाऱ्या त्या गाडीवर लोकांचा विश्वास नव्हता आणि कार्ल स्वभावाने संकोची होता. १८८८च्या ऑगस्टच्या आरंभी त्याला गाडी रस्त्यावर चालविण्याचा सरकारी परवाना मिळाला.

त्याच महिन्यात, शाळेला सुटी असताना, बर्था एके दिवशी पहाटे उठली. पतीची झोप न मोडता तिने पंधरा वर्षांचा यूजीन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड यांच्यासह मोटार बाहेर काढली. आपण माहेरी जात आहोत, एवढी चिठ्ठी मागे ठेवली, असे सांगतात. माहेर सुमारे शंभर किलोमीटरवर होते. इतका लांबचा पल्ला त्यापूर्वी कोणत्याही मोटारीने गाठला नव्हता.

वाट बैलगाड्यांना आणि घोडागाड्यांना साजेल अशीच होती. इंजिनाचे पाणी वाफ होऊन उडे. ते वारंवार भरावे लागे. पेट्रोलपंप तर कोठेच नव्हता. व्हीसलोख गावी तिने औषधांच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतले. हे द्रव्य तेव्हा कपड्यांवरील डाग काढण्यासाठी वापरले जाई. जगातील पहिला पेट्रोलपंप म्हणून ते दुकान आज मिरविते. इंधनाची नळी तुंबली, ती बर्थाने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. विजेची तार उघडी पडली, तेव्हा मोज्याचा पट्टा तिच्याभोवती गुंडाळला. साखळीसाठी लोहार गाठला आणि ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढ आला की गाडी मुलांना ढकलावी लागे. संध्याकाळी तिघे फोर्झहाइमला पोहोचली आणि कार्लला तार गेली.

कोणी म्हणेल, ही तर सुटीतली मौज! मौज होतीच, मुलांना ती जन्मभर पुरली असेल. पण त्या मौजेत लग्नाआधी घातलेला हुंडा, घराची भाकरी आणि पतीचा खचत चाललेला आत्मविश्वास पणाला लागला होता. गाडी वाटेत कायमची बंद पडली असती, तर हसणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले असते. ती पोहोचली आणि उणिवांची यादीही घेऊन आली. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ही सूचना त्याच प्रवासाची देणगी मानली जाते. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात बेंझच्या मोटारीला सुवर्णपदक मिळाले.

३ मे १९४४ रोजी, पंच्याण्णवाव्या वाढदिवशी, कार्लच्या कार्ल्सरूहे येथील तंत्रविद्यापीठाने बर्थाला सन्मान्य पद अर्पण केले. दोनच दिवसांनी लाडेनबुर्ग येथे तिने डोळे मिटले. तिने तुडविलेल्या वाटेला २००८ पासून तिचे नाव आहे.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर असे की पहिल्या चालकांना गुरू नव्हता; त्यांना वाटेनेच शिकविले. आज आपल्या गावातील मुली स्कूटर घेऊन महाविद्यालयात व नोकरीवर जातात, तेव्हा उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आईबापांच्या जिवाची घालमेल मी जाणतो. काळजी जरूर करावी. पण किल्ली मुठीत दाबून धरू नये. माझ्या गुरूंनी त्या दुपारी बाजाराच्या तोंडाशी पोहोचताच स्टिअरिंगवरचा आपला हात काढून घेतला होता. माझे खरे शिक्षण तेथून सुरू झाले.