कंसातली टाळी

श्रोतेहो, 'बॅड ब्रेन्स' हे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडेल. पडू द्या. अमेरिकेच्या राजधानीतील चार कृष्णवर्णी तरुणांचा हा वाद्यवृंद. प्रथम ते जाझच्या वळणाचे अवघड वादन करीत. 1977 च्या सुमारास ते पंक संगीताकडे वळले आणि ते अशा वेगाने वाजवू लागले की, 'हार्डकोर' ह्या प्रकाराच्या जनकांत आज त्यांची गणना होते. पुढे रास्ताफारी पंथाची ओढ लागली आणि जमैकाचे संथ रेगे त्यांच्या कार्यक्रमात शिरले. वॉशिंग्टनमधील जागा त्यांना मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्क गाठले.

त्यांच्या बंद खोलीतील मुद्रिका उत्तमच आहेत. तरीही जाणकार वळतात ते भर सभेत केलेल्या ध्वनिमुद्रणांकडे. असे का? कारखान्याच्या दारावर भाषणे करण्यात माझी हयात गेली, म्हणून सांगतो : छापील भाषणात टाळी कंसात येते, आणि कंसातली टाळी वाचून कोणी संपावर गेल्याचे मी पाहिलेले नाही!

न्यूयॉर्कच्या 'सीबीजीबी' ह्या अरुंद जागेत 1982 च्या नाताळात तीन दिवस झालेले त्यांचे कार्यक्रम ऐका. चित्रफीतही आहे, ती पाहा. दीड-दोन मिनिटांत एक गाणे संपते, श्वास घ्यावा तो दुसरे सुरू. वादक कृष्णवर्णी, समोरची पोरे बहुतेक गोरी. ती मंचावर चढतात आणि गर्दीत उड्या टाकतात. शब्द कळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण गायक आणि श्रोते ह्यांच्यातला कठडाच जेथे नाहीसा झाला, तेथे शब्द स्वच्छ कसे ऐकू यावेत?

आणि मग अकस्मात रेगे! त्याच्या नेहमीच्या ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली ढोलकरी रिकामी सोडतो आणि तिसरीवर घाव घालतो. उसळलेली गर्दी त्या रिकाम्या मात्रेत डुलू लागते. सुटी गाणी ऐकणाऱ्याला हे संथ गीत मध्येच कोठून आले असे वाटेल. सलग ऐकणाऱ्याला त्याचे प्रयोजन तत्काळ उमगते. ॲमस्टरडॅमच्या 'पॅराडिसो' ह्या चर्चच्या जुन्या इमारतीत 1987 साली झालेला व 1990 मध्ये प्रसिद्ध झालेला कार्यक्रमही असाच सलग ऐकावा.

'सीबीजीबी'ला 2006 च्या ऑक्टोबरात टाळे लागले. नाताळातले ते मुद्रण बाजारात आले तेही त्याच वर्षी.