खोपोलीचे नाना आणि नाटकातले नाना

बोरघाट उतरून खाली आलं की खोपोलीचं तळं लागतं आणि त्याच्या काठी शंकराचं देऊळ. दोन्ही नाना फडणिसांनी बांधवून घेतली, हे खालापूर तालुक्यातलं शाळकरी पोरही सांगेल. इंग्रजांचा जनरल गोडार्ड १७८१ साली याच घाटाच्या तोंडाशी तळ देऊन बसला होता. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांनी त्याला सळो की पळो केलं आणि एप्रिलात तो पनवेलकडे माघारी फिरला. त्या वेळी पुण्यात बसून कारभाराची सूत्रं हलवीत होते ते हेच नाना.

आता अशा गावातल्या मास्तरांनी वर्गात विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ वाचायला घेतलं, तर काय होईल? नाटकातले नाना लंपट आहेत, बावनखणीत रमतात, एका मुलीच्या बदल्यात पुण्याची कोतवाली देऊन टाकतात. एखादा पालक शाळेत येऊन विचारील, “गुरुजी, ज्यांचं पाणी आमच्या वाडवडिलांनी प्यालं, त्यांना हे असं दाखवायचं?” प्रश्न रागाचा असला तरी खोटा नाही. पुण्यातही तो विचारला गेला. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला, आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक थांबवलं. मग दिग्दर्शक जब्बार पटेल आणि सहकाऱ्यांनी थिएटर अ‍ॅकॅडमी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये ते पुन्हा उभं केलं.

आधी इतिहास तेवढा नीट पाहू. घाशीराम नावाचा कोतवाल खरोखर होता. परप्रांतातून आलेला, नानांच्या मर्जीतला. कर्जतकडं कोतवाल म्हटलं की सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला हौतात्म्य पत्करलेले भाई कोतवाल आठवतात, नाहीतर तलाठ्याचा निरोप घेऊन दारात येणारा गावचा कोतवाल. पेशवाईतला शहर कोतवाल म्हणजे मोठं प्रस्थ बरं का! रात्रीची गस्त, बाजार, वजनमापं, तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडेल त्याची धरपकड, सगळं त्याच्या हाती. १७९१ च्या ऑगस्टात त्याच्या माणसांनी काही तेलंगी ब्राह्मण एका कोंदट जागेत कोंडले आणि त्यांतले बरेच गुदमरून मेले. शहर खवळलं. नानांनी घाशीरामाला लोकांच्या हवाली केलं आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. इथवर इतिहास. मुलीच्या सौद्याला मात्र विश्वासार्ह कागदाचा आधार नाही. आपलं नाटक ऐतिहासिक नाही, असं खुद्द तेंडुलकरांचंही म्हणणं होतं.

मग ते आहे तरी काय? याचं उत्तर गोष्टीत शोधू नका. नाटक रचलंय कसं, ते पाहा.

पडदा वर जातो तेव्हा मागं राजवाडा नाही, दिवाणखाना नाही. माणसांची एक रांग आहे. हे पुण्याचे ब्राह्मण. ते झुलत गातात. कोकणातले नमन-खेळे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही रांग ओळखीची वाटेल. ही रांगच पडदा होते, भिंत होते, बाग होते. सूत्रधार एकेकाला हटकतो, “कुठं निघालात?” तर कुणी देवळाचं नाव सांगतो, कुणी कीर्तनाचं; आणि पावलं वळतात बावनखणीकडं. पुन्हा सगळे रांगेत उभे, तोंडी हरिनाम! गाणं भक्तीचं आणि चाललेलं काम भलतंच, ही जोड भास्कर चंदावरकरांच्या संगीतानं अशी बसवली, की हसता हसता प्रेक्षकाला कसंनुसं होतं.

खरी गोम मात्र त्या पाठींत आहे. माणसांची भिंत प्रेक्षकांकडं पाठ करते, तेव्हा तिच्या आड काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. त्या भिंतीला मात्र सगळं ठाऊक असतं. विटांची भिंत असती तर तिला दोष देता आला नसता. कापडी पडद्याच्या जागी माणसं उभी केल्याबरोबर गावाचं गाव साक्षीदार होतं. नाटकात नाना घाशीरामाला चढवतात, वापरतात, नको झाला की लोकांपुढं टाकतात आणि वर उत्सवाचा हुकूम देतात. रांग तेव्हाही नाचतेच. एका माणसाच्या चारित्र्यावर लिहायचं असतं, तर बारा माणसांची ही भिंत कशाला लागली असती? माझ्या मते नाटकाचा रोख नानांहून त्या रांगेवर अधिक आहे. तरीही खऱ्या माणसाचं नाव घेऊन त्याला असं रंगवावं का, हा पालकाचा प्रश्न उरतोच. तो वर्गात दाबू नये.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. पुस्तक वाचून दाखवण्याआधी दहाबारा मुलं ओसरीवर रांगेत उभी करा. त्यांच्यामागं दोघांना एखादं भांडण करायला लावा, आणि रांगेला सांगा, गात राहायचं, मागं वळायचं नाही. दोनच मिनिटं पुरेत. मग समोर बसलेल्यांना विचारा, काय दिसलं? आणि त्यानंतर रांगेतल्यांना विचारा, तुम्हाला काय ऐकू आलं?