रबरी शिक्का : कार्यालयातून कलेकडे

१८४४ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना अमेरिकेत रबराच्या व्हल्कनायझेशन प्रक्रियेचे पेटंट मिळाले. उष्णतेने न पाघळणाऱ्या, लवचीक रबरामुळे पुढे रबरी शिक्का शक्य झाला. कार्यालयांत तो अधिकाराचे चिन्ह ठरला. कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताने १९१९ च्या सुमारास या चिन्हाचा अर्थच पालटला. कार्यालयीन मजकुराचे शिक्के आडवेतिडवे उमटवून, त्यांना रेखाटनाची जोड देऊन त्याने शिक्काचित्रे निर्माण केली. त्यांत ठशाचा हुकूम लोपला, आकार उरला. शिक्का, शाई व कागदाचे तुकडे एकत्र आणणारी आजची हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे म्हणूनच केवळ छंद ठरत नाहीत. अधिकाराचे साधन सामान्यांच्या हाती अभिव्यक्तीचे माध्यम झाले, याची ती साक्ष होत.